दुसऱ्यांच्या कोडवर आपलं अ‍ॅप कसं उभारायचं

प्रोग्रामिंग नुकतंच शिकलेल्यांना पहिलं खरंखुरं अ‍ॅप करायला दिलं की दोन प्रकार हमखास दिसतात. काही जण लॉगिनपासून तारखांच्या हिशेबापर्यंत सगळं स्वतः लिहायला बसतात आणि महिन्याभरात थकून सोडून देतात. काही जण दिसेल ते पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, इन्स्टॉल करत सुटतात. त्यांचं अ‍ॅप चालतं, पण कशाच्या जोरावर चालतं हे त्यांना सांगता येत नाही आणि बिघडलं की हात कुठे घालायचा तेही कळत नाही.

तयार घटक वापरायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घटक घेतला की त्याच्या चुका, त्याच्या अटी आणि त्याची देखभाल हेही तुमच्याच गळ्यात पडतं. वापरणाऱ्याला अ‍ॅप तुमचं म्हणून माहीत असतं, आतलं पॅकेज कोणी लिहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून कोड लिहिण्यात वाचलेला वेळ घटक निवडण्यात आणि तपासण्यात घालायचा. तो कसा, हे एका छोट्या कामावरून पाहू.

काम असं: एका गृहनिर्माण सोसायटीत सातआठशे पुस्तकांचा वाचनकक्ष आहे. बहुतेक पुस्तकं मराठी. नोंदी वहीत होतात. कार्यालयात विंडोजचा एक लॅपटॉप आहे. कोणी कोणतं पुस्तक नेलं, परत कधी यायचं, उशीर झाला तर दंड किती, आणि अनामत घेतल्याची मराठीत छापील पावती, एवढं हवंय.

पायरी १: आपलं काय आणि सगळ्यांचं काय

कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात फक्त या वाचनकक्षाचे नियम लिहा: एका सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं, दिवाळी अंकाला सात दिवस, बाकीच्यांना पंधरा, दंडातून ज्येष्ठ नागरिकांना सूट. दुसऱ्यात जगातल्या कुठल्याही अ‍ॅपला लागेल ते लिहा: माहिती साठवणं, पानं दाखवणं, पासवर्ड तपासणं, तारखांची बेरीज-वजाबाकी, छपाई, अक्षरांची मांडणी.

पहिला रकाना तुम्ही लिहायचा. तो बाहेरून आणण्याच्या भानगडीत पडू नका, कारण सोसायटीच्या सभेत ठरलेले नियम कोणत्याच पॅकेजमध्ये नसतात. दुसऱ्या रकान्यातलं होईल तितकं तयार घ्यायचं. त्यातही पासवर्ड साठवण्याचा कोड स्वतः लिहायचाच नाही, हा नियम पाळा. तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

पायरी २: शोधायचं कुठे, आणि कोणत्या क्रमाने

नवशिका थेट पॅकेजांच्या साठ्यात जाऊन शोधतो. पायथनवाला पायपीआयवर, जावास्क्रिप्टवाला एनपीएमवर. ते शेवटून दुसरं ठिकाण असायला हवं. मी सांगतो तो क्रम असा: आधी अख्खं तयार अ‍ॅप आहे का ते बघा, मग यंत्रावर आधीच असलेल्या गोष्टी, मग भाषेसोबत येणारं स्टँडर्ड लायब्ररीचं सामान, मग बाहेरचं पॅकेज, आणि सगळ्यात शेवटी स्वतः लिहिणं.

अख्खं अ‍ॅप आहे का? आहे. कोहा नावाची ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये लिहायला घेतली गेली, जानेवारी २००० पासून ती वापरात आहे आणि तिचा कोड मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता येण्याजोगा आहे. तालुक्याचं वाचनालय असेल, हजारो पुस्तकं आणि दोन-तीन कर्मचारी असतील, तर नवीन काहीही लिहू नका, कोहा बसवा. आपल्या सोसायटीला मात्र ते झेपणार नाही. त्याला लिनक्स सर्व्हर लागतो, ग्रंथालयशास्त्राच्या पद्धतीने नोंदी लागतात, आणि इथे काम बघणार आहेत एक निवृत्त काका, रोज संध्याकाळी तासभर. अशा वेळी स्वतःचं छोटं अ‍ॅप करण्याला अर्थ आहे. पण आधी शोधलं, पाहिलं आणि मग नको म्हटलं, हा क्रम चुकवायचा नाही.

यंत्रावर आधीच काय आहे? ब्राउझर आहे, आणि त्याला लोक फार कमी लेखतात. मराठी पावतीचं उदाहरण घ्या. पावती म्हटलं की सगळे पीडीएफ बनवणारं पॅकेज शोधायला धावतात. मग छापून बघतात तर ‘किंमत’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर उमटलेली, आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. कारण साधं आहे. संगणकात ‘कि’ साठवताना आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. ती उचलून डावीकडे मांडायचं काम अक्षरमांडणीच्या वेगळ्या घटकाचं असतं. हार्फबझ हे त्यातलं सर्वांत जास्त वापरात असलेलं नाव. पीडीएफची कित्येक साधी पॅकेजं हे काम करतच नाहीत, किंवा ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. इंग्रजीत कधी अडत नाही, त्यामुळे त्यांच्या माहितीपानावर याचा उल्लेखही सापडेलच असं नाही.

क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मात्र हार्फबझ आधीच बसलेलं आहे. तेव्हा पावती म्हणजे एक साधं एचटीएमएल पान करा, छपाईसाठी सीएसएसच्या चार ओळी लिहा आणि काकांना प्रिंटचं बटण दाबू द्या. पीडीएफ हवी असेल तर प्रिंटच्याच खिडकीत ती जतन करता येते. एकही पॅकेज न घालता मराठी अक्षरं जशी हवीत तशी येतात. उद्या पावत्या आपोआप ईमेलने पाठवायच्या झाल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा एचटीएमएलपासून पीडीएफ बनवणारं वीझीप्रिंट हे पॅकेज बघा, ते मजकूर मांडणाऱ्या पँगो या लायब्ररीच्या मार्फत हार्फबझच वापरतं. विंडोजवर पँगो वेगळं बसवावं लागतं, म्हणून आज नको.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं नोंदवायला विसरू नका. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये ते लिहिता येतं. काही देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची अशी दोन्ही रूपं असतात. भाषा सांगितली तर आपली रूपं येतात, नाहीतर हिंदी. एका शब्दाची नोंद आहे, पण पावती हातात घेणाऱ्याला ती आपल्या भाषेतली वाटते.

भाषेसोबत काय येतं? पायथन घेतली असं धरू. एसक्यूलाइट हा डेटाबेस पायथनच्या २.५ या व्हर्जनपासून, म्हणजे २००६ पासून, तिच्यासोबतच येतो. वेगळा सर्व्हर नाही, सगळी माहिती एका फाइलमध्ये, आणि त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा, म्हणजे परवान्याचीही अडचण नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तोच आहे, मग तो अँड्रॉइड असो वा आयफोन. आठशे पुस्तकं त्याच्यासाठी काहीच नाहीत. तारखा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर-फाइल) वाचणं, युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) काम, हेही पायथनसोबतच मिळतं.

आता बाहेरून आणायचं उरलं एकच: पानं दाखवणारा वेब फ्रेमवर्क. त्यासाठी फ्लास्क. पासवर्ड सुरक्षित साठवायची सोय त्याच्यासोबत येणाऱ्या वर्कझ्यूगमध्ये आहे, म्हणजे त्याचाही प्रश्न मिटला.

पायरी ३: पॅकेज घेण्याआधी ते पारखा

फ्लास्क इन्स्टॉल केलं की एकच वस्तू येते असं वाटतं. इन्स्टॉल झालेल्यांची यादी मागून बघा. सोबत वर्कझ्यूग, जिंजा, मार्कअपसेफ, इट्सडेंजरस, क्लिक आणि ब्लिंकरही आलेली दिसतील. विंडोजवर क्लिकच्या मागोमाग कलरामा येतं. तुम्ही एकाला बोलावलंत, तो घरच्यांना घेऊन आला. फ्लास्कच्या बाबतीत ही मंडळी ओळखीची आणि भरवशाची आहेत, बहुतेक एकाच गटाने सांभाळलेली. पण जावास्क्रिप्टच्या जगात एका पॅकेजमागे शेकडो येणं नवं नाही.

मार्च २०१६ मध्ये एनपीएमवर जे घडलं ते यासाठीच लक्षात ठेवावं. लेफ्ट-पॅड नावाचं अवघं ११ ओळींचं पॅकेज होतं. शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक लांबीपर्यंत रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. एका नावावरून झालेल्या वादात लेखकाने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली आणि जावास्क्रिप्ट कोडचं रूपांतर करणाऱ्या बॅबेलसारख्या मोठ्या प्रकल्पांची बांधणी जगभर अडली. आपण लेफ्ट-पॅड वापरतो हेच अनेकांना त्या दिवशी कळलं. शेवटी एनपीएमने ते पॅकेज परत जागेवर ठेवलं. ज्या गोष्टीला दहा-पंधरा ओळी लागतात आणि जी तुम्हाला पूर्ण कळते, तिच्यासाठी पॅकेज आणू नका.

मग पारखायचं काय? मी सर्वांत आधी शेवटचं व्हर्जन कधी आलं ते बघतो. दोन वर्षं काहीच नाही म्हणजे वाईटच असं नव्हे. काही गोष्टी पूर्ण झालेल्या असतात. पण मग नोंदवलेल्या तक्रारी उघडून वाचायच्या. लोकांनी चुका कळवल्यात आणि कोणी उत्तरच देत नाही, असं दिसलं तर दूर राहा. सांभाळणारे किती जण आहेत हेही पाहा. माहितीपानावरचं पहिलं उदाहरण स्वतः टाइप करून चालवा. ते पहिल्या फटक्यात चाललं नाही तर पुढच्या त्रासाची कल्पना तिथेच येते. आणि तक्रारींच्या शोधखिडकीत ‘देवनागरी’, ‘हिंदी’, ‘युनिकोड’ हे शब्द इंग्रजीत घालून बघा. आपल्या भाषेत काम करणाऱ्याला पाच मिनिटांत खरी स्थिती कळते. कोड ठेवायच्या गिटहबसारख्या साइटवर पॅकेजला लोकांनी दिलेल्या चांदण्यांच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो लोकप्रियता सांगतो, तुमच्या कामाला ते पॅकेज जुळतं की नाही हे सांगत नाही.

नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर तपासा. क्रॉस-एन्व्ह हे जावास्क्रिप्टमधलं खरं पॅकेज. २०१७ मध्ये कोणीतरी मधली आडवी रेघ गाळून त्याच नावाचं दुसरं पॅकेज एनपीएमवर चढवलं होतं, आणि ते इन्स्टॉल करणाऱ्याच्या यंत्रावरची गुप्त माहिती बाहेर पाठवत होतं. पायथनमध्ये गोंधळ आणखी वाढतो, कारण इन्स्टॉल करायचं नाव आणि कोडमध्ये वापरायचं नाव कधी कधी वेगळं असतं. चित्रांसाठीचं पॅकेज पिलो या नावाने येतं, पण कोडमध्ये पीआयएल लिहावं लागतं. एआयला विचारून नावं घेत असाल तर आणखी जपा. कधी कधी तो अस्तित्वातच नसलेलं नाव ठामपणे सांगतो, आणि तसल्या नावाने कोणी काही चढवून ठेवलेलं असू शकतं. पॅकेजच्या अधिकृत माहितीपानावरून नाव उचला, दुसरीकडून नको.

पायरी ४: परवाना वाचा

हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून सगळे टाळतात. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ खाली संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. कोड इंटरनेटवर उघडा दिसतो म्हणजे तो कोणीही उचलावा असं होत नाही. रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवलेल्या जागी, परवानाच नसेल तर वापरायची परवानगी नाही, असंच धरून चाला.

नेहमी भेटणारे परवाने थोडेच आहेत. एमआयटी आणि बीएसडी सर्वांत मोकळे: मूळ लेखकाची कॉपीराइटची नोंद सोबत ठेवा आणि वापरा. फ्लास्क बीएसडीखाली आहे. अपाची २.० त्यांच्यासारखाच, त्यात पेटंटविषयीचं कलम जास्तीचं. जीपीएलखालचा कोड घेऊन केलेलं अ‍ॅप तुम्ही दुसऱ्याला दिलंत तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागतो. एजीपीएल त्याच्या पुढे जातो: तो कोड बदलून केलेलं अ‍ॅप लोक फक्त नेटवरून वापरत असले तरी सोर्स उपलब्ध करावा लागतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यालाही परवाना आहे. श्रेय द्यायचं आणि त्याच अटी पुढे चालवायच्या, ही त्याची मागणी. दहा ओळी उचलल्या तर वर कॉमेंटमध्ये दुवा ठेवायची सवय लावा.

फॉन्ट हाही घटकच, आणि त्यालाही परवाना असतो. हे लोकांच्या फार उशिरा लक्षात येतं. मराठीसाठी मुक्त फॉन्ट आता चांगले मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ नावाचे फॉन्ट, तसाच नोटो सॅन्स देवनागरी, हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. अ‍ॅपसोबत फॉन्टची फाइल देता येते, फक्त नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेला फॉन्ट घालू नका.

पायरी ५: वेगळ्या खोलीत बसवा, व्हर्जन पक्कं करा

पायथनमध्ये व्हेन्व्ह नावाची सोय आहे. तिने प्रकल्पासाठी स्वतंत्र फोल्डर तयार होतं आणि पॅकेजं त्यातच बसतात. बाकी यंत्राला धक्का नाही. हे केल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका.

इन्स्टॉल झालं की नेमकी व्हर्जनं एका मजकूर-फाइलमध्ये उतरवा. पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या पिप या साधनाला सांगितलं की ते ती यादी काढून देतं. नुसतं ‘फ्लास्क’ असं लिहून ठेवलंत तर आज एक व्हर्जन येईल आणि सहा महिन्यांनी नवा लॅपटॉप घेतला की दुसरंच. व्हर्जनच्या तीन आकड्यांचा सर्वसाधारण संकेत असा: शेवटचा बदलला तर चुकांची दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, पहिला बदलला तर तुमचा कोड मोडू शकतो. संकेतच तो, सगळे पाळतात असं नाही. एनपीएमवाल्यांसाठी नेमकी व्हर्जनं नोंदवणारी लॉक-फाइल आपोआप तयार होते. ती गिटमध्ये (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) ठेवायचीच.

पायरी ६: घटकाला एकाच दारातून आत घ्या

कोडभर जिथे तिथे त्या पॅकेजला हाक मारू नका. डेटाबेसशी बोलणारी एक फाइल करा. तिच्यात ‘पुस्तक द्या’, ‘पुस्तक परत घ्या’, ‘सभासद शोधा’ अशी तुमच्या कामाच्या नावांची फंक्शनं असू द्या. एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेची, एकही ओळ या फाइलच्या बाहेर दिसता कामा नये. नियमांची फाइल वेगळी, आणि तिला ना फ्लास्क माहीत असावं ना एसक्यूलाइट. दंड काढणाऱ्या फंक्शनला दोन तारखा, पुस्तकाचा प्रकार आणि सभासदाला सूट आहे की नाही एवढंच द्यायचं, रुपये घ्यायचे.

याचा पहिला फायदा घटक बदलताना होतो. त्याहून मोठा फायदा रोजचा: सभेत दंडाचा नियम बदलला की एकच फंक्शन उघडायचं.

पायरी ७: आपल्या माहितीवर तपासा

तयार घटक त्याच्या लेखकाच्या गृहीतांवर तपासलेला असतो, तुमच्या नव्हे. याचं फार महागडं उदाहरण एरियन ५ हे युरोपीय रॉकेट. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून त्याचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे ४० सेकंदांत ते आकाशातच नष्ट झालं. दिशा-स्थिती मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जायची, आणि असा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही. एरियन ४ च्या उड्डाणमार्गात ही मर्यादा कधी ओलांडली गेली नव्हती. एरियन ५ चा वेग जास्त होता. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या संचात तेच सॉफ्टवेअर होतं, तोही तसाच बंद पडला. ज्या हिशेबात ही चूक झाली त्याचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. जुन्या गरजेपोटी तो कोडमध्ये राहिलेला होता. कोड बिघडलेला नव्हता. ज्या गृहीतावर तो बरोबर होता, ते नव्या ठिकाणी खरं आहे का हे तपासलं गेलं नाही.

आपल्या वाचनकक्षात जीवित-वित्ताचा प्रश्न नाही, पण प्रकार तोच. पुस्तकांची यादी अकारविल्हे मागा. एसक्यूलाइट अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार लावतो, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी येतो. म्हणून यादी येते: काळ, काव्य, काही. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या नंतर, म्हणून हवी ती यादी: काव्य, काही, काळ. ‘क्षितिज’ तर ‘ख’च्या आधी ‘क’मध्येच जाऊन बसतं, कारण संगणकासाठी ते क, हलन्त आणि ष आहे. काका शेवटच्या कपाटात शोधतील आणि यादीत ते पुस्तक पहिल्या पानावर असेल.

यावरचा तयार घटक म्हणजे आयसीयू, युनिकोडचाच अधिकृत संच. तो पायथनमधून वापरायला पायआयसीयू लागतं. लिनक्सवर ते सहज बसतं, विंडोजवर बसवताना मात्र दमछाक होते. इथे मी स्वतः लिहायचा पर्याय निवडतो, कारण नियम छोटा आहे आणि पूर्ण कळलेला आहे. शब्दाच्या प्रत्येक अक्षराचा क्रमांक घ्यायचा. ‘ह’चा २३६१ आहे. ‘ळ’ला २३६१.१, ‘क्ष’ या तीन चिन्हांच्या जोडीला मिळून २३६१.२ आणि ‘ज्ञ’ला २३६१.३ द्यायचा. मग या आकड्यांच्या यादीवर तुलना करायची. दशांश का, तर ‘ळ’ला सरळ सगळ्यांच्या शेवटचा क्रमांक दिलात तर ‘कळ’ हा शब्द ‘काका’च्या नंतर जातो. काना २३६६ वर आहे, ‘ळ’ त्याच्या अलीकडेच राहायला हवा. हे सगळं पंधरा-वीस ओळींत होतं, आणि पायथनमधून एसक्यूलाइटला आपली स्वतःची क्रमवारी नोंदवून देण्याची सोय आहे. तुलनेचं फंक्शन त्याला द्यायचं, पुढे प्रत्येक यादी तो त्या क्रमाने लावतो. तयार घटक न मोडता त्यात आपला भाग बसवता येणं, हे चांगल्या घटकाचं लक्षण.

दुसरी परीक्षा शोधाची. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या कीबोर्डांवर टाइप करा आणि पायथनला लांबी विचारा. एकदा ७ येईल, एकदा ८. कारण ‘ऱ’ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येतं, आणि ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असंही. पडद्यावर दोन्ही सारखे, पण शोध एकाला दुसरा मानत नाही. पुस्तक यादीत असून सापडत नाही. पायथनच्या युनिकोड-डेटा या भागात दोन्ही रूपं एक करण्याची सोय आहे. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ती लावायची. एक तिसरं रूपही आहे. ‘र’, हलन्त आणि त्याच्या पुढे न दिसणारा जोडक घालूनही हेच अक्षर उमटतं, आणि ते त्या सोयीने बदलत नाही. ते स्वतः एका ओळीत बदलून घ्या.

जुनी यादी एक्सेलमध्ये असेल तर आधी फॉन्ट बघा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली असेल तर ती दिसते मराठी, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं. एक्सेलमधून यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) सीएसव्ही काढली की फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी खूण येते आणि पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. वाचताना पायथनला यूटीएफ-८-सिग असं सांगितलं की ती खूण गळून पडते.

या सगळ्यांच्या चाचण्या लिहून ठेवा. पाच शब्दांची क्रमवारी, ‘पायऱ्या’ची तिन्ही रूपं, २९ फेब्रुवारीला नेलेलं पुस्तक, आणि एक लांबलचक आडनाव.

पायरी ८: निगा

डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्राममधल्या घडामोडींची नोंदवही ठेवणाऱ्या, जावाच्या लॉग४जे या पॅकेजमध्ये एक भयंकर चूक उघड झाली. नोंदवहीत जाणाऱ्या मजकुरात ठरावीक ओळ घातली की समोरच्या सर्व्हरवर बाहेरून आणलेला कोड चालवता यायचा. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० मिळाले. दुरुस्ती लवकर आली, पण मोठमोठ्या संस्थांना त्याआधीचा प्रश्न सुटेना: आपण लॉग४जे वापरतो का, आणि कुठे? ते दुसऱ्या पॅकेजांच्या पोटात लपलेलं होतं. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे हीच गरज.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की महिन्यातून एक दिवस ठरवा. पिप-ऑडिट हे साधन तुमच्या यादीतल्या व्हर्जनांमधल्या माहीत असलेल्या सुरक्षाचुका दाखवतं. एनपीएममध्ये ऑडिटची आज्ञा आधीपासूनच आहे. काही निघालं तर व्हर्जन वाढवा, चाचण्या चालवा, मग काकांच्या लॅपटॉपवर टाका. अपडेट आलं की त्याच मिनिटाला घ्यायचं, हेही करू नका. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर ताबडतोब, एरवी थोडे दिवस थांबलेलं बरं.

मार्च २०२४ मधला एक्सझेडचा प्रकार हे थांबणं का बरं ते सांगतो. फाइली आवळणारं हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते अनेक वर्षं एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीला म्हणून आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने तळापर्यंत शोध घेतला आणि ते उघडकीला आलं. बहुतेक स्थिर लिनक्स आवृत्त्यांपर्यंत ती व्हर्जनं तोवर पोहोचलेलीच नव्हती.

एकट्या माणसावर किती काही उभं असतं ते यातून कळतं. म्हणून चूक सापडली की नुसती वैतागून पॅकेज बदलू नका, नीट कळवा: कोणतं व्हर्जन, काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. मराठी मजकुरातल्या चुका कळवणारे फार थोडे आहेत. ‘पायऱ्या’सारखं छोटं उदाहरण जोडलंत तर पॅकेज लिहिणाऱ्याला देवनागरी येत नसली तरी चूक समजते. पुढे तीच दुरुस्ती नेपाळी, कोकणी, हिंदी सगळ्यांच्या कामी येते.

पायरी ९: घटकांची वही

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवा आणि प्रत्येक घटकाची नोंद मराठीत करा. उद्या तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलात आणि सोसायटीतल्याच एखाद्या मुलीने हे काम हाती घेतलं, तर तिला आधी हेच लागणार आहे. नोंद अशी:

फ्लास्क. व्हर्जन: यादीच्या फाइलमध्ये. कशासाठी: पानं दाखवणं आणि लॉगिन. परवाना: बीएसडी, प्रत ‘परवाने’ फोल्डरमध्ये. कोणत्या फाइलमधून वापरलं: फक्त ‘पानं’ या फाइलमधून. सोबत काय आलं: वर्कझ्यूग, जिंजा आणि बाकीचे, पासवर्डचं काम वर्कझ्यूग करतं. काढायचं झालं तर: ‘पानं’ फाइल नव्याने लिहावी लागेल आणि पासवर्ड तपासण्याची दुसरी सोय लागेल, नियम आणि डेटाबेसच्या फाइलींना हात लावायची गरज नाही.

क्रमवारी. स्वतः लिहिली. का: पायआयसीयू विंडोजवर बसवणं जड. अ‍ॅप कधी लिनक्सवर नेलं तर पायआयसीयू घालून बघावं. त्याच पाच शब्दांची चाचणी तिथेही चालवावी.